उसने डोळे

फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून लोकांचे चेहरे दुरुस्त करायचे, हे वहिनींचं काम. बाहेर नवरा फोटो काढायचा आणि आत त्या मुरमं पुसायच्या, टकलावर केस पेरायच्या, दुसरी हनुवटी छाटायच्या. गिऱ्हाईक फोटो बघून खूश व्हायचं आणि वर त्यांनाच विचारायचं, "मी अशीच दिसते ना?" वहिनी मान डोलवायच्या. इतक्या वर्षांत त्यांना माणसांच्या कातडीचाच वीट आला होता.

त्यांची मुलगी ठकी साडेतीन वर्षांची. हाक मारली तर वळायची नाही, पण शेजारच्या खोलीत बिस्किटाचा पुडा फुटला की धावत यायची. म्हणजे कान ठणठणीत. पाणी हवं असलं तर बोट दाखवायची नाही. आईचं मनगट धरून तिला ओढत न्यायची आणि तिचा हात नळावर ठेवायची. आधी चार-पाच शब्द बोलायची, तेही गेले. वहिनी मोबाइलवर वाचायच्या आणि 'ऑटिझम' हा शब्द आला की पान बंद करायच्या. घरात विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, "हिचा बापही पाच वर्षांचा होईपर्यंत मुका होता. आता गप्प बसवावा लागतो." नणंद म्हणाली, "मोबाइल देतेस ना हातात, त्याचीच फळं ही." नवऱ्याची सगळी बडबड गिऱ्हाइकांवरच खर्च व्हायची.

मग सासूबाईंना सगळ्यांचा एकत्र फोटो हवा झाला, नातेवाइकांना दाखवायला. नवऱ्याने खुळखुळा वाजवला, शिट्ट्या मारल्या, डोक्यावर बादली घालून नाचला. ठकी एकदाही कॅमेऱ्याकडे बघेना. ती फिरत्या पंख्याकडे बघून आपली खुशीत हसत होती.

"डोळे तेवढे इकडे घे हिचे," नवरा म्हणाला, गिऱ्हाइकाचं काम सांगावं तसा.

"आपल्या पोरीचे?"

"त्यात काय एवढं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

वहिनींनी नणंदेच्या मुलाचे डोळे कापून ठकीच्या चेहऱ्यावर बसवले. रंग जुळवला, पापण्यांची सावली जुळवली. हात सराईत, कुठे चुकला नाही. काम संपलं आणि त्यांचीच पोटची पोर पडद्यावरून परक्या नजरेने त्यांच्याकडे बघू लागली. वहिनी मोरीत जाऊन भडभडून ओकल्या.

फोटो भिंतीवर लागला. येणारा-जाणारा म्हणायचा, "बघा, कशी टकामका बघतेय! उगाच जिवाला घोर लावून घेतलात." ठकी तेव्हा त्यांच्याच पायाशी बसून बाटलीचं झाकण फिरवत असायची. तिच्याकडे कुणी ढुंकून बघायचं नाही. वहिनींना त्या माणसांच्या गोड आवाजाची, कपाच्या काठावर राहिलेल्या त्यांच्या ओठांच्या डागांचीसुद्धा किळस येऊ लागली. सगळ्यात जास्त किळस स्वतःच्या बोटांची. जेवतानाही ती तोंडाशी न्यायला नको वाटायचं.

शेवटी त्यांनी कुणालाही न विचारता मुलांची वाढ तपासणाऱ्या डॉक्टरबाईंकडे नंबर लावला. सासूबाईंना कळलंच. "मीही येते, तू भलतंसलतं सांगशील," म्हणत त्या पिशवी घेऊन निघाल्या.

डॉक्टरबाई जमिनीवर बसून ठकीकडे चेंडू घरंगळवत होत्या. त्यांनी काही विचारायच्या आत सासूबाईंनी पिशवीतून चौकट काढली.

"हे बघा. देते की नाही नजरेला नजर? आमच्या सुनेला राईचा पर्वत करायची सवय आहे."

डॉक्टरबाईंनी फोटो निरखला. "सुरेख आलाय. घरी अशी बघते नेहमी?"

प्रश्न वहिनींना होता. 'हो' म्हणणं किती सोपं होतं! सासूबाई खूश, नवरा खूश, आणि ठकीचं आणखी एक वर्ष पाण्यात.

"ते डोळे तिचे नाहीत," त्या म्हणाल्या. "तिच्या आतेभावाचे आहेत. मीच कापून लावलेत."

"अगं, घरातलं चव्हाट्यावर..."

"आई, तुम्ही बाहेर बसा," वहिनी म्हणाल्या.

सासूबाई पिशवी उचलून बाहेर गेल्या. दार लागलं तशा वहिनी बोलत सुटल्या. हाक, मनगट, गेलेले शब्द, तो पंखा, सगळं. डॉक्टरबाईंनी मध्ये तोडलं नाही.

"आज लगेच याला नाव देणार नाही मी," ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या. "आणखी काही भेटी लागतील. पण शिकवायला मात्र आत्तापासूनच सुरुवात करायची."

"मग बघेल ना ती माझ्याकडे?"

"बघेलही. पण आपल्याला तिची नजर बसवायची नाहीये. काय हवं, काय नको, ते तिला सांगता आलं पाहिजे, मग बोलून सांगो नाहीतर चित्र दाखवून. तुम्हाला शंका कधी आली?"

"दोन वर्षांची होती तेव्हाच."

"मग इतके दिवस काय करत होतात?" डॉक्टरबाईंच्या आवाजात राग नव्हता.

वहिनींनी ठकीकडे पाहिलं. ती चेंडू पालथा-उताणा करून त्याची शिवण बघत होती.

"दुरुस्त करत बसले होते," त्या म्हणाल्या.