आतून कोरडा फोम

माझं फुलांचं दुकान दिवाळीनंतर बंद पडलं. दौंडला हार खपतात, पण लग्नाची सजावट बाहेरचे लोक घेतात. ती शिकायला एप्रिलमध्ये केडगावला कमलताईंकडे गेले, दोन दिवसांसाठी. आमच्या शेजारचं केडगाव नव्हे, राहुरीकडचं. जमलं तर दुकान उघडायचं, नाहीतर गाळा सोडायचा.

एसटीने अडीच तास. बायकांना अर्धं तिकीट. सकाळची गाडी धरा, नंतर उभं राहावं लागतं.

ताईंचा वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरतो. फुलं खोचायचा हिरवा फोम विटेसारखा असतो. तो पाण्यावर सोडायचा आणि थांबायचं.

"दाबायचा न्हाई," ताई म्हणाल्या. "त्याचा तो बुडतो. दाबला की वरून वला, आत कोरडा."

मी वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही टेम्पोने पुणतांब्याच्या लग्नाला निघालो. राहुरीत मिसळ खाल्ली. चांगली होती. देवळाली प्रवरेच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस. रस्ता असा, की जरबेराच्या फुलांचे खोके मांडीवर धरून बसलो.

"मधली कमान तुमची," ताई म्हणाल्या. "टिकली तर तुमच्याकडची कामं तुमालाच देईन."

फोम बुडायची वाट बघत बादलीजवळ बसले होते. नवरीचा मामा आला.

"ओ ताई, फुलं लावताय का उगवायची वाट बघताय?"

मांडववाले हसले. मी दोन्ही तळहातांनी फोमच्या विटा दाबल्या.

दहा वाजता कमान सुंदर दिसत होती. फोटो काढला. तो इथे लावलेला नाही.

साडेअकराला एका जरबेराने मान टाकली. मग बाकीच्यांनी. ताईंनी टेम्पोतून पोतं आणलं. त्यात कापडी फुलं होती. माझी फुलं मीच उपसली.

मुहूर्ताच्या आधी नवरीची आई स्टेजवर आली.

"लई भारी केलंय. किती टवटवीत हायेत!"

"व्हय," ताई म्हणाल्या.

परतताना मी विचारलं, "मी दाबलं नसतं तर?"

"तर चारला माना टाकल्या असत्या. उन्हाळा हाय. पोतं तर मी रोजच घेऊन निघते."

"मग शिकवता कशाला?"

"तुमी येता म्हणून."

पुणतांब्याला जाणार असाल तर गोदावरीचा घाट बघा म्हणतात. मी पाहिला नाही.

घरी आल्यावर कमानीतून सोबत आणलेली फोमची एक वीट सुरीने कापली. वरून अजून दमट होती. बोटभर आत कोरडी पूड.

"शिकलीस का?" नवऱ्याने विचारलं.

"शिकले."

दुसऱ्या दिवशी गाळ्याची किल्ली परत केली. शटरवरचा माझा नंबर पुसायचा राहिला आहे. अधूनमधून मयतीच्या हारासाठी फोन येतो. दुकान बंद आहे म्हणून सांगते. समोरचा दुसरं कुठलं उघडं असेल ते विचारतो.