काकांनी पास केलेलं फाटक

ब्रह्मदेवाने सृष्टी घडवली त्या वेळी तपासणीला आमच्या वरच्या मजल्यावरचे काका असते, तर ती दुरुस्तीसाठी परत गेली असती आणि तुम्ही-आम्ही आज इथे नसतो. मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात काकांनी चौतीस वर्षं माल तपासला. पास आणि रिजेक्ट, या दोन शब्दांवर त्यांचा संसार चालला. रिटायर होताना लोक शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी येतात. काका लाल टॅगांचा गठ्ठा मागून घेऊन आले. ज्या मालात खोट निघेल त्याला पुठ्ठ्याचा लाल टॅग सुतळीने बांधायचा, त्यावर दोष लिहून सही करायची, आणि ज्याने बांधला त्यानेच तो सोडायचा, असा त्यांच्या कारखान्याचा रिवाज होता. आणखीही एक रिवाज होता. आपणच पास केलेला माल नाकारायची वेळ आली, तर त्याच टॅगवर आधी स्वतःची चूक लिहायची. ही पाळी आपल्यावर चौतीस वर्षांत आली नाही, हे काका चहाच्या पहिल्या घोटालाच सांगत. आता कारखाना सुटला, टॅग उरले, आणि कात्रपमधली आमची बाग बिल्डिंगपासून चार पावलांवर. पुढे काय झालं असेल ते सांगायलाच नको.

घसरगुंडीचा पत्रा वर आला, लाल टॅग. नळ ठिबकला, लाल टॅग. विजेच्या खांबाला तर इतके टॅग झाले होते की एक बाई त्याला नवसाचा खांब समजून हात जोडून गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा मी बाकावर जरा टेकले आणि तशीच भाजीला गेले. भाजीवाली माझ्याकडे फारच कळवळून बघायला लागली, दोन मिरच्या जास्त टाकल्या, म्हणाली, वैनी, जपून जा. घरी येऊन बघते तर पदराला सुतळी अडकलेली आणि खाली टॅग लोंबतोय: ‘डावा पाय हलतो’. मी तरातरा वर जाऊन तो काकांच्या हातात ठेवला. माफी वगैरे राहिली बाजूला, त्यांनी विचारलं, बाकाचा टॅग तुम्ही कोणाच्या परवानगीने सोडलात?

या सगळ्याचा खरा भार होता बागेच्या मुकादमावर. हा बदलापूर गावातला, जुन्या शेतकरी घरातला, शांत माणूस. दर सोमवारी सकाळी काका त्याच्यापुढे दोषांची यादी घेऊन उभे. एकदा तो मला म्हणाला, “ताई, मना आता सपनान पन लाल चिठ्ठ्या दिसतान.” पण करायचा हो सगळं. काकांशी वाद घालण्यापेक्षा फळी ठोकणं सोपं, हे त्याने लवकर ओळखलं होतं. कबूल करायला जिवावर येतं, पण त्या काळात आमच्या बागेसारखी बाग आसपास नव्हती.

काकांचा सगळ्यात मोठा पराक्रम म्हणजे फाटक. पोरं बागेतून बाइक घालून पलीकडच्या रस्त्याला निघायची. काकांनी सहा महिने अर्जांवर अर्ज केले, तेव्हा फाटकात नागमोडी पाइप रोवले गेले. माणूस वळत वळत आत जाईल, बाइक अडेल. तपासणी अर्थातच काकांची. टेप लावून झाली, मग पोटाचं माप म्हणून आमच्या ह्यांना बोलावण्यात आलं. हे तीन वेळा आत-बाहेर करून घामाघूम झाले. कुठलीही गोष्ट तीनदा केल्याशिवाय पास करायची नाही, हा काकांचा नियम. मग त्यांनी कागदावर ‘काम समाधानकारक’ लिहून झोकात सही ठोकली.

त्यानंतर दोन वर्षांनी काकूंना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, व्हीलचेअर आली. रोज संध्याकाळी बागेतल्या बकुळीखाली बसणारी बाई ती. डॉक्टरांनी बाहेर न्या म्हटल्यावर काका पहिल्याच संध्याकाळी खुर्ची ढकलत निघाले आणि पहिल्या वळणावर चाक पाइपला अडलं. मी मागेच होते. काकांनी खिशातून टेप काढला, चाकाचं माप घेतलं, पाइपांमधलं घेतलं, टेप मिटला आणि खुर्ची वळवली.

तेव्हापासून काकू फाटकाबाहेर, वडापावच्या गाडीशेजारी, जाळीतून आत बघत बसायच्या. काका एकटे आत जायचे आणि रुमालात चार बकुळीची फुलं आणायचे. बाकी सगळ्या बागेला टॅग लागत होते, फाटकाला नाही. मला राहवेना. मी म्हटलं, अहो, गावभर चुका काढता, मग ही दिसत नाही का? काका नुसतं म्हणाले, “ते मी पास केलंय.” मला इतका राग आला की आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

मग एका संध्याकाळी काकूंनी रुमाल डाव्या हाताने बाजूला सारला. एकेक शब्द लावत म्हणाल्या, “आणू नका. तिथं बसून वेचायची असतात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाला लाल टॅग होता. ‘दोष: व्हीलचेअर आत जात नाही. चूक तपासणाऱ्याची. तपासताना फक्त चालणारी माणसं धरली.’ खाली सही. या वेळी तिच्यात झोक नव्हता.

मुकादमाने तो वाचला. चार दिवसांत वेल्डर आणून त्याने मधला पाइप हातभर सरकवला आणि सहीचा कागद काकांपुढे धरला. काकांनी हात मागे घेतले. “माझी सही इथे एकदा चुकलीय. हिची घ्या.”

काकूंना आत नेलं. मुकादम पेन काढणार तोच त्या म्हणाल्या, “परत.” बाहेर आणलं, परत आत नेलं. त्यांनी तीन बोटं दाखवली. तिसऱ्या खेपेनंतर डाव्या हाताने त्यांनी वेडीवाकडी, अर्ध्या ओळीची सही केली. काका टॅगची सुतळी सोडत होते, पण गाठ काही त्यांना दिसत नव्हती. शेवटी मीच गेले आणि सोडली, आणि त्यांनी ती मला सोडू दिली.

आता दोघं रोज बकुळीखाली असतात. काकूंना वाकता येत नाही, म्हणून काका वेचून त्यांच्या मांडीवर टाकतात आणि काकू एकेक फूल डोळ्यांजवळ नेऊन बघतात. डागाळलेलं असेल तर बाजूला टाकतात. काका निमूटपणे दुसरं देतात. परवा मी त्यांच्या शेजारी टेकले तर बाक हलला. म्हटलं, काका, डावा पाय परत गेलाय, टॅग कुठाय? त्यांनी वरही पाहिलं नाही. म्हणाले, “उद्या बघू.”

मी तशीच त्या हलत्या बाकावर बसून राहिले.