अंधारात निवळलेलं पाणी

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. जो प्रयोग बिघडवल्याचा दोष मी माझ्या विद्यार्थिनीला दिला, तो तिनं बिघडवलाच नव्हता. आणि हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

मी रायपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. तेव्हा आम्ही जस्ताच्या ऑक्साइडची पावडर करत होतो. रंगाच्या सांडपाण्यात ती टाकून ऊन दाखवायचं. कणांवर ऊन पडलं की पाण्यातला रंग तुटत जातो, असा हिशोब. आमचं निळं पाणी तर झरझर निवळायचं. बाहेरून पाहुणे यायचे होते, त्यांना ते दाखवायचं ठरलं होतं.

ती पोरगी रेल्वेतल्या माणसाची, मूळ घर गोंदियाकडचं. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत. आदल्या दिवशी ती म्हणाली, "सर, पावडर तो नीली हो गई है."

"मग?"

"तो रंग टूटा कहाँ? चिपक गया है, सर."

या कामाची एक साधी रीत आहे. उन्हात नेण्याआधी मिश्रण अंधारात ढवळत ठेवायचं. जेवढा रंग पावडरीला नुसता चिकटायचा, तेवढा चिकटू द्यायचा आणि त्यानंतरच उन्हाचं श्रेय मोजायचं. मी घाईत ही पायरी गाळली होती. तिनं मला न विचारता ती केली, आणि पाणी अंधारातच निवळलं.

मी सगळ्या विभागासमोर म्हणालो, "बीकर धुवायची अक्कल नाही, अन् मले शिकवून राहिली?"

"धोया था, सर," एवढंच ती बोलली.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी कोरा बीकर घेतला, त्यात तेच निळं पाणी आणि पावडर ढवळली, काळ्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवला. काढला तेव्हा वर नितळ पाणी, तळाशी निळा गाळ. रंग तुटलाच नव्हता, पाण्यातून पावडरीत गेला होता. मी सगळं बेसिनमध्ये ओतून नळ सोडला. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना पाणी दाखवलं, गाळ दाखवला नाही. पुढे तिनं संशोधन सोडलं आणि समता कॉलोनीत कोचिंगला शिकवू लागली. मी त्या पावडरीला पुन्हा हात लावला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र घराच्या गच्चीवर पुन्हा सुरुवात केली. कवेलूच्या, म्हणजे छपराच्या कौलांच्या, तुकड्यांवर टायटेनियमच्या ऑक्साइडचा लेप देऊन ते भट्टीत भाजले. पुरानी बस्तीतल्या एका रंगरेजाकडून कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, सूत रंगवून उरलेलं पाणी आणलं. एका तसराळ्यात त्या पाण्यात कवेलू घालून वर झाकण ठेवलं, दुसऱ्यात नुसतं पाणी उन्हात, तिसऱ्यात कवेलू आणि ऊन.

शेजारी कुरड्या वाळू घालणारी बायको म्हणाली, "काहून हो, पाणी वाळू घालून राहिले का?"

"रंग."

"माझ्या कुरड्याईले लागला तर पाहा मग."

ऊन कलेपर्यंत झाकलेलं पाणी जवळपास होतं तसंच राहिलं, दुसरं थोडं फिकं झालं, आणि तिसऱ्याचा तळ दिसू लागला. कवेलू पांढरेच होते. स्पिरिटनं घासून पाहिले, बोळ्याला रंग आला नाही. डोळ्याला नितळ दिसतं ते शुद्धच असतं असं नाही, पाण्यात काय उरलं ते तपासायचं आहे. पण रंगरेज म्हणाला, "भैया, एक टंकी खाली पड़ी है, वहीं लगा दो." त्या दिवशी फार वर्षांनी मला कडकडून भूक लागली.

मी तिला निरोप धाडला. ती आली. नमस्कार झाला न झाला, तोच तिनं विचारलं, "अंधेरे में रखा था?"

"हव."

तिनं कवेलू उचलून नखानं खरवडला, उन्हात धरला. मग हसली. "अब तो सर बीकर भी खुद धोते होंगे."

"घरचे कप तं कधी धुतले नाहीत," बायको म्हणाली. आम्ही तिघंही हसलो. कोचिंगच्या मुलांना दाखवायला ती दोन कवेलू ओढणीत बांधून घेऊन गेली. टाकीचं काम सुरू झालं की येईन, म्हणाली. सांगायची वेळ तीच होती. मी चहा पीत राहिलो.

आता कामावर तिचं नाव राहील, ते मी घालणारच आहे. पण त्यानं फिटत नाही. तिचा बीकर स्वच्छ होता आणि मी ते जाणूनबुजून दडवलं, हे तिला आणि त्या दिवशी ऐकत उभ्या असलेल्या माझ्या सहकाऱ्यांना मला अजून सांगायचं आहे.