ताई उतरेपर्यंत

घरातलं माणूस प्रवासाला निघालं, की ते पोहोचेपर्यंत आई केर काढत नाही. ताई पुण्याला जायची तेव्हा दुपारीच झाडू फिरायचा. काल मात्र ती मुंबईहून टोरांटोला निघाली. फोनच्या नकाशावर तिचं इवलंसं विमान समुद्रावर रांगत होतं. उरलेलं अंतर फोन किलोमीटरांत सांगत होता, तासांत सांगत होता. आमच्या घरात ते चिवड्याचा चुरा होऊन पायाखाली कुरकुरत होतं.

"आता तरी झाड गं," मी वैतागून म्हटलं.

"पोर अजून वाटेत आहे," म्हणत आई चुऱ्याला वळसा घालून गेली.

एवढं मोठं आभाळ, आणि त्याला घरातल्या केराचा आधार! मला हसू आलं, बरंही वाटलं.

"उतरले!" ताईचा फोन आला, तसा आईने पदर खोचला. झाडता झाडता मला बजावलं, "पुढच्या वर्षी मी जाणार तिकडे. माझा फोन येईपर्यंत झाडूला हात लावायचा नाही."