वाळवी कोणाखाली लिहायची

ठाकुर्लीच्या त्या सोसायटीत मुलांचे प्रोजेक्ट आयाच करत, आणि नीलाचं अक्षर सगळ्यांत सुरेख. सातवीतल्या मैथिलीच्या कीटकांच्या तक्त्यावर नावंही तिनेच लिहिली. तक्ता सोमवारी द्यायचा होता. वाळवी झुरळाखाली घे, असं मैथिलीने सांगितलं तेव्हा नीला हसली.

"अगं, पांढरी मुंगी म्हणतात तिला. शाळेत हसं करून घ्यायचंय?"

"पण आई, मुंगीसारखा कोष नसतो तिला..." मैथिली सांगू लागली. नीलाने वाळवीचं चित्र मुंगीखाली पक्कं चिकटवून टाकलं.

रविवारी खडवलीचा तानाजी वाळवीचं औषध मारायला आला. कपाट ओढलं तर मागे भिंतीवर पांढऱ्या रेघाच रेघा.

"ताई, हे काय?"

"मुंग्यांचा खडू. महिनाभर ओढतेय."

"मुंगी कुठेय ही? झुरळाच्या घराण्यातली आहे." त्याने मातीची नळी फोडून एक वाळवी तळहातावर घेतली. "मुंगीची कंबर बघा, बारीक. हिला कंबरच नाही. पिल्लू पण झुरळाच्या पिल्लासारखं, पहिल्यापासून आईसारखंच दिसतं."

मैथिली दारात उभी होती. 'बघ, मी म्हटलेलं' एवढं जरी ती बोलली असती, तरी नीलाला हलकं वाटलं असतं. खडूचा उपयोग नाही, हेही पोरीने महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. 'पण आई' म्हणून ती आणखी किती वेळा थांबली असेल, काय काय सांगायचं राहून गेलं असेल, याचा नीला मनात हिशेब करू लागली.

"हिने हेच सांगितलं होतं," ती तानाजीला म्हणाली. "मी ऐकलं नाही."

"मग उद्यापासून हिलाच नेतो कामाला."

मैथिली हसली, पण आईकडे न बघता.

संध्याकाळी चित्र सोडवताना तक्ता फाटला. नीला स्वतः खाली जाऊन नवा कागद घेऊन आली. स्केचपेनचं टोपण काढून म्हणाली, "सांग, काय कुठे लिहू?"

मैथिलीने पेन हातातून काढून घेतलं. "तू लिहू नको, आई. तू फक्त रेघा मार."

नीलाने पट्टी धरून रेघा मारल्या. पोरीचं अक्षर वाकडं येत होतं, 'वाळवी' तर रेघ सोडून खाली उतरली. नीलाने बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि पुढची रेघ मारली.