साखरेचा डबा कोणता?

आमच्या यवतमाळच्या घराशेजारच्या काकू काकांच्या शुगरपायी, त्यांना साखर सापडू नये म्हणून, डब्यांवरच्या नावांत एका अक्षराच्या जागी दुसरंच अक्षर लिहायच्या. काका असे आळशी, की एकेक डबा उघडून बघायचे नाहीत, नाव वाचूनच काढायचे. काकू बोलायच्या कमी, झाकणं मात्र दोनदा दाबायच्या.

मी तेव्हा नवी सून, रोज काकूंकडे चहाला जाणारी आणि स्वतःला मोठी गुप्तहेर समजणारी. तीन डब्यांची शेवटची दोन अक्षरं सारखी दिसली. म्हणजे ती ‘डाळ’! मग रोज एकेक अक्षर सुटत गेलं, आणि एक दिवस मी ओरडलेच, "काकू, साखर याच्यात हाय!"

काका दारातच पेपर वाचत होते.

"बोंबलतं कायले वं पोरी!" काकू एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सगळी अक्षरं बदललेली आणि मला बिनसाखरेचा चहा. काकू रागावल्या होत्या, की साखरच संपली होती, मला अजून कळलेलं नाही.