कार्बनची नळी आणि जाळ्याचं शिसं

मी दहा मीटर एअर रायफल खेळायचे. भंडाऱ्याजवळच्या आमच्या कारधा गावात हे कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग मारते काय? कागद मारते, म्हटलं की माणूस माझ्याकडे दयेनं बघायचा. घरात बाबा नदीवरून मासे आणतो आणि पोरगी भोकं पडलेले कागद आणते, असं आई चारचौघींत सांगायची आणि वर स्वतःच हसायची. मला राग यायचा. मला तसा कशाचाही येतो.

या खेळात उभं राहून, कंबर मागे वाकवून, रायफलचं ओझं हाडांवर तोलायचं असतं. चार वर्षं मी ते तोललं आणि मग कमरेनं तोंड उघडलं. डॉक्टर म्हणाले, मणक्यातली चकती सरकते आहे, ओझं कमी कर, नाहीतर उभं राहून खेळणं कायमचं बंद. राज्याची निवड चाचणी महिन्यावर आली होती. या खेळाशिवाय माझ्याकडे माझं म्हणावं असं काहीच नव्हतं.

त्याच सुमारास आमच्या नेमबाजीच्या हॉलमधल्या एका ताईनं नोकरी लागल्यामुळे खेळ सोडला. तिच्या रायफलची कार्बनची बॅरल तिनं मला चाचणीपर्यंत वापरायला दिली. आत पोलादाची बारीक नळी आणि बाहेरून कार्बनचं काळं वेष्टण. हातात घेतली तर विश्वास बसेना, इतकी हलकी. आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी ती माझ्या रायफलवर चढवून दिली आणि पहिल्या दिवशी मी दोन तास उभी राहिले तरी कंबर गप्प होती. मी घरी येऊन भात दोनदा वाढून घेतला.

तिसऱ्या दिवशी कळलं की सुख फुकट नसतं. जड पोलादी बॅरल एकदा स्थिर झाली की हलत नाही. हलकीचं तोंड श्वासाबरोबर वर जातं, छातीच्या ठोक्याबरोबर थरथरतं. दहा गुणांच्या जागी नऊ पडू लागले. शिवाय पोलादाला पोचा आला तर दिसतो, कार्बन आतून तडकलं तर बाहेर कळत नाही, आणि ते बघणारा कारागीर भंडाऱ्यात नाही. सरांना विचारलं तर ते म्हणाले, पोलाद लावलंस तर पाठ जाईल, कार्बन लावलंस तर गुण जातील, तू ठरव. असा सल्ला तर आमची म्हैससुद्धा देईल, असं मनात आलं.

बाबा हे सगळं जाळं दुरुस्त करता करता ऐकत असायचा. एक दिवस म्हणाला, "जाळं पान्यात नीट बसत नसन त आमी का करतो? काठाले शिसं वाढवतो. थोडं थोडं. हातानं तोलून पायत जायचं."

त्यानं स्वतःच्या फेकजाळ्याच्या काठाच्या चार शिशाच्या गोळ्या उतरवल्या आणि बॅरलच्या पुढच्या टोकाला नायलॉनच्या दोऱ्यानं बांधल्या. जाळ्याची गाठ, ओढली तरी सुटायची नाही. सरांनी तपासून वरून टेप मारला. वजन लावणं नियमात बसतं, घट्ट असलं म्हणजे झालं. नळीचं तोंड थोडं शांत झालं. मग बाबानं आणखी चार लावल्या, मग आणखी, करता करता चोवीस झाल्या. रोज संध्याकाळी मी कागद दाखवायचे, तो भोकं बघायचा आणि जाळ्याकडे हात न्यायचा. दहा पुन्हा पडायला लागले. त्या दिवसांत बाबा मासे विकायला बसला की गिऱ्हाइकाला मासे कमी आणि माझे कागद जास्त दाखवायचा.

कंबर पुन्हा दुखायला लागली होती. मी कुणाला सांगितलं नाही.

चाचणीच्या दोन दिवस आधी सकाळी मला बुटाची नाडी बांधायला वाकता आलं नाही. आईनं पाहिलं आणि बाबाला बोलावलं. तो मासळीचा तराजू घेऊन आला, आणि मला म्हणाला, बॅरल खोलून दे. एका पारड्यात त्यानं जुनी पोलादी बॅरल आडवी ठेवली, दुसऱ्यात शिसं बांधलेली कार्बनची. शिशाचं पारडं खाली गेलं.

बाबानं जन्मभर मासे तोलले होते. काटा सरळ आहे का हे त्यानं दोनदा बघितलं. मग पारड्यांची अदलाबदल केली. शिसंच पुन्हा खाली गेलं.

"मंग हे त त्याहूनई जड झालं," तो म्हणाला. "तुयी पाठ मीच मोडून राहिलो का, बेटा?"

मी म्हटलं, दुखत नाही. त्यानं माझ्या सुटलेल्या नाडीकडे पाहिलं. मग खाली बसून दातांनी गाठी सोडवायला लागला. एकेक गोळी ओसरीवर ठेवत गेला. अर्ध्यावर थांबला आणि वर न बघता म्हणाला, "कितीक ठेवू? तू सांग."

मी मनात मोजून पाहिलं. सहा ठेवल्या तर पाठ कदाचित वाचेल, नेम जाईल. बारा ठेवल्या तर दोन्ही अर्धे जातील. असा एकही आकडा नव्हता की ज्यात मी आणि माझा खेळ दोघंही उरतील. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो रागच, आणि तो समोर बसलेल्या माणसावर निघाला.

"सगळ्या ठेव," मी म्हटलं. "अन् घट्ट बांध."

माझी निवड झाली नाही. चाचणीत शेवटचे दहा नेम मारताना पाय बधिर झाला आणि त्यानंतर मी उभं राहून रायफल उचललेली नाही. पाठीचं दुखणं आता सवयीचं झालं आहे, त्याचं काही वाटत नाही. पण त्या सकाळी बाबाला सगळं कळलं होतं, आणि तरी मी त्याच्याच हातानं त्या साऱ्या गाठी पुन्हा मारून घेतल्या. त्यानं एकही सैल ठेवली नाही.